आधी बांधून घ्या, मग विचारा

सार्वमताचे कायदे करणाऱ्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

१७ ऑक्टोबर २०२० रोजी न्यूझीलंडच्या मतदारांना सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिकेबरोबर आणखी एक कागद मिळाला. त्यावर दोन प्रश्न होते. असाध्य आजाराने मरणपंथाला लागलेल्या माणसाला वैद्यकीय मदतीने मृत्यू मागण्याचा हक्क देणारा २०१९चा कायदा अमलात यावा का, हा पहिला. करमणुकीसाठी गांजा वापरण्याची मुभा देणाऱ्या प्रस्तावित विधेयकाला तुमचा पाठिंबा आहे का, हा दुसरा. कागद तोच, मतदार तोच, मतमोजणीही तीच. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरकारवर बंधनकारक होतं आणि दुसऱ्याचं नव्हतं.

हा फरक कुणाच्या लहरीने पडलेला नव्हता. पहिल्या प्रश्नामागचा कायदा संसदेने ६९ विरुद्ध ५१ मतांनी आधीच मंजूर केलेला होता. हक्क कोणाला, तपासणी कोणी करायची, नकार कोण देऊ शकतो, हे सगळं छापून तयार होतं. बहुसंख्य मतदार ‘हो’ म्हणाले तर अधिकृत निकालानंतर १२ महिन्यांनी कायदा आपोआप लागू होईल, असं त्यातच लिहिलेलं होतं. ६५.१ टक्के लोक ‘हो’ म्हणाले आणि ७ नोव्हेंबर २०२१ रोजी तो लागू झाला. मधल्या काळात एकाही मंत्र्याला ‘आम्ही जनभावनेचा आदर करतो, परंतु’ अशी सुरुवात करायची सोय उरली नव्हती. गांजाचं विधेयक मात्र निव्वळ मसुदा होता. कौल ‘हो’ आला असता तर पुढच्या सरकारने ते संसदेत मांडायचं, समितीकडे धाडायचं, त्यात काटछाट करायची, असा बेत होता. ५०.७ टक्क्यांनी ‘नाही’ म्हणून तो विषय मिटवला. पण ‘हो’ म्हणणारे ४८.४ टक्के जिंकले असते, तर ते नेमकं काय जिंकले असते, हे त्यांना कोणी सांगू शकलं नसतं.

सार्वमताचा निकाल सरकारवर बंधनकारक असावा का, हा वाद घालताना तुमच्यापैकी बहुतेकजण लोकांच्या शहाणपणावर येऊन थांबता. लोक भावनेच्या भरात मत देतात, त्यांना तपशील कळत नाहीत, म्हणून अंतिम शब्द आमचा असावा, असं एक बाजू म्हणते. लोक मालक आहेत, त्यांचा शब्द शेवटचा, असं दुसरी म्हणते. माझं म्हणणं दोघांहून वेगळं आहे. निकाल बंधनकारक केला की पहिला लगाम तुम्हाला बसतो, कारण मग तुम्हाला उत्तर देण्याजोगा प्रश्न विचारावा लागतो. ज्या कागदावर सही करताना आपण कायमचे अडकणार हे माहीत असतं, तो कागद माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. सल्ला म्हणून घेतलेल्या सार्वमतात ती धास्तीच नसते, आणि म्हणून प्रश्न ढिसाळ राहतो.

ब्रिटनचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं, पण त्यातला शिकण्यासारखा भाग सहसा कोणी सांगत नाही. ५ मे २०११ रोजी तिथे निवडणुकीची पद्धत बदलावी का, यावर सार्वमत झालं. त्याच्या कायद्यात सरळ लिहिलं होतं, की ‘हो’ची मतं जास्त पडली तर नवी पद्धत लागू करण्याचा आदेश मंत्र्याने काढलाच पाहिजे. नवी पद्धत कशी असेल, हेही त्याच कायद्यात होतं. ६७.९ टक्के लोकांनी ती नाकारली आणि कोणाचाही गोंधळ झाला नाही. अवघ्या ५ वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी, त्याच संसदेने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, हे विचारलं. या वेळच्या कायद्यात निकालानंतर काय करायचं याबद्दल एक ओळही नव्हती. कायद्याच्या दृष्टीने तो निव्वळ सल्ला होता. पण सरकारने घरोघरी पाठवलेल्या पत्रकात छापलं होतं: हा निर्णय तुमचा आहे, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल.

म्हणजे मतदानाच्या पद्धतीसारख्या तुलनेने लहान गोष्टीसाठी बंधन कायद्यात, आणि देशाच्या पुढच्या कैक वर्षांचा प्रश्न मात्र टपालाने आलेल्या पत्रकाच्या भरवशावर. पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंत. ५१.९ टक्के लोक ‘बाहेर’ म्हणाले. बाहेर म्हणजे नॉर्वेसारखं संघाच्या बाजारपेठेत राहून की कॅनडासारखं नुसत्या व्यापार करारावर, सीमाशुल्क संघात राहून की तोही सोडून, आयर्लंडच्या सरहद्दीचं काय, यातलं काहीही मतपत्रिकेवर नव्हतं. संघ सोडण्याची नोटीस सरकारला परस्पर देता येणार नाही, संसदेचा कायदा लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाला ८ विरुद्ध ३ अशा बहुमताने जानेवारी २०१७ मध्ये सांगावं लागलं. त्यानंतर संसदेने पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार २०१९ च्या जानेवारी ते मार्च या काळात तीनदा फेटाळला, पहिल्यांदा तर २३० मतांच्या फरकाने. फेटाळणाऱ्यांत ‘बाहेर’वाले होते आणि ‘आत’वालेही होते, आणि दोघंही म्हणत होते की आम्ही जनतेच्या बाजूने उभे आहोत.

मला यातली गंमत, गंमत म्हणणं बरं नाही पण तरी, अशी वाटते की ते सगळे आपापल्या परीने खरं बोलत होते. कायद्याने कोणी बांधलेलं नव्हतं आणि राजकारणाने सगळेच बांधलेले होते, पण कशाला, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कायद्यात नीट मांडलेलं बंधन मी यापेक्षा हजारपट पसंत करेन.

कर्जबाजारी ग्रीसने धनकोंच्या अटींवर २०१५ मध्ये घेतलेल्या सार्वमताची मतपत्रिका तुमच्यापैकी प्रत्येकाने एकदा डोळ्यांखालून घालावी. २७ जूनच्या पहाटे सार्वमत जाहीर झालं, ५ जुलैला मतदान. मध्ये ८ दिवस, त्यातले बहुतेक बँकांना कुलूप आणि यंत्रातून दिवसाला ६० युरो या अवस्थेत. मतपत्रिकेवर विचारलं होतं, की युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी २५ जूनच्या बैठकीत मांडलेला, दोन भागांचा मिळून एक असलेला प्रस्ताव स्वीकारावा का. मग दोन्ही दस्तऐवजांची नावं. पहिला चालू कार्यक्रम पूर्ण करण्यासाठीच्या आणि त्यापुढच्या सुधारणांचा, दुसरा कर्ज फेडण्याच्या क्षमतेच्या प्राथमिक विश्लेषणाचा. उत्तरासाठी दोन चौकटी, आणि त्यात ‘नाही’ वर, ‘हो’ खाली. ज्या प्रस्तावाबद्दल हे सगळं चाललं होतं त्याची मुदत ३० जूनला, म्हणजे मतदानाच्या ५ दिवस आधी, संपलेली होती.

लोकांनी ६१.३ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. १३ जुलैच्या सकाळी त्याच सरकारने धनकोंशी जो समझोता केला, तो बहुतेकांच्या मते नाकारलेल्या प्रस्तावापेक्षाही कडक होता. याला विश्वासघात म्हणणारे खूप भेटतील. मला तो शब्द अपुरा वाटतो. मेलेल्या प्रस्तावावर मत मागितलं तिथेच फसवणूक झाली, नंतरचा समझोता हा तिचा नुसता दुसरा अंक. निकाल कायद्याने बांधणारा करायचा असता तर कायदा लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारावं लागलं असतं, की ‘नाही’ आलं तर ६ जुलैला सरकारने काय करायचं? त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मतपत्रिका छापलीच गेली नसती.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला मीच देतो. स्वीडनमध्ये वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. शेजारी देशांत उजव्या बाजूने चालत, आणि स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचं सुकाणूही डावीकडेच होतं, म्हणजे उजवीकडच्या वाहतुकीला सोयीचं. १९५५ साली सरकारने सल्लादायी सार्वमत घेतलं. जवळपास ८३ टक्के लोकांनी बदल नको म्हणून सांगितलं. इतका एकतर्फी कौल क्वचित मिळतो. तरीही १९६३ मध्ये संसदेने बदलाचा निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे रस्त्यावरची वाहनं थांबवून, पलीकडे नेऊन, ५ वाजता पुन्हा सुरू केली. आज स्वीडनमध्ये कोणी डाव्या बाजूसाठी गळा काढत नाही.

मग? लोक चुकले आणि प्रतिनिधींनी त्यांना सावरलं, असंच ना? हो, तसंच झालं, आणि मला ते मान्य करण्यात काही कमीपणा वाटत नाही. पण त्या संसदेचं कर्तृत्व कशात होतं ते बघा. ८ वर्षं गेली, मध्ये निवडणुका झाल्या, प्रतिनिधींनी आपल्या नावावर जबाबदारी घेऊन उघडपणे मत दिलं. हे सगळं १९५५चं मतदान न घेताही करता आलं असतं. निर्णय तुम्हीच घेणार असाल तर घ्या, त्यासाठीच तुम्हाला निवडून दिलंय. प्रतिनिधींनी लोकांच्या मर्जीविरुद्ध निर्णय घ्यावेत, याला माझी अजिबात हरकत नाही. हरकत आहे ती लाखो लोकांना रांगेत उभं करून, आकडे जाहीर करून, मग ‘बघू’ म्हणण्याला.

न्यूझीलंडमध्येच या ‘बघू’ची एक मालिका आहे. तिथे नागरिकांनी सह्या गोळा करून मागितलेली सार्वमतं कायद्यानेच बिनबंधनाची आहेत. १९९९ मध्ये खासदारांची संख्या ९९ वर आणावी, असं ८१ टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले. संख्या कमी झाली नाही. २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांतले हिस्से विकू नका, असं ६७ टक्के म्हणाले. विक्री चालूच राहिली. आणि २००९चा प्रश्न तर जसाच्या तसा सांगण्यालायक आहे: चांगल्या पालकाच्या शिस्तीचा भाग म्हणून दिलेली चापट न्यूझीलंडमध्ये फौजदारी गुन्हा असावी का? ‘चांगल्या’ हा शब्द प्रश्नात बसवून ठेवल्यावर ८७.४ टक्के ‘नाही’ आलं यात नवल काय? सरकारने कायदा बदलला नाही, आणि खरं सांगायचं तर बदलला नाही तेच बरं झालं. पण असा प्रश्न मतपत्रिकेपर्यंत पोहोचला कसा? त्याने काही होणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून. निकाल लागू होणार असता, तर प्रश्नातला तो एक शब्द काढून टाकण्यासाठी दोन्ही बाजूंचे वकील हात धुऊन मागे लागले असते.

नेदरलँड्सने वेगळाच मार्ग काढला. एप्रिल २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या युक्रेनबरोबरच्या सहकार्य कराराला मतदारांनी ६१ टक्क्यांनी विरोध केला. मतदानाची अट ३० टक्क्यांची होती, झालं ३२ टक्के, म्हणजे निकाल वैध. सरकारने युरोपीय नेत्यांकडून खुलाशाचं एक निवेदन मिळवलं आणि करार मंजूर करून टाकला. दोन वर्षांत सल्लादायी सार्वमताचा कायदाच रद्द झाला. ऐकायचं नाही तर विचारायचं नाही, हा निदान सरळ व्यवहार. फक्त, हा कायदा रद्द करावा का यावर सार्वमत मागायची वाट तेवढी आठवणीने बंद केलेली होती.

बंधन हवं म्हणताना ते कशाला, हे बर्लिन शहराने फार सोपं करून दाखवलंय. २०१४ मध्ये टेम्पलहोफच्या बंद विमानतळाचं मैदान मोकळंच ठेवावं, म्हणून नागरिकांनी पूर्ण कायद्याचा मसुदा लिहून मतदानाला ठेवला. ६४ टक्क्यांनी तो मंजूर केला आणि मंजूर झाला तोच कायदा झाला. २०२१ मध्ये मोठ्या घरमालक कंपन्यांची घरं समाजाच्या मालकीची करावीत, या मागणीलाही स्पष्ट बहुमत मिळालं. पण या वेळी मसुदा नव्हता, ‘सरकारने असा कायदा करावा’ असं आवाहन होतं. सरकारने तज्ज्ञ समिती नेमली. समितीने २०२३ मध्ये अहवाल दिला की असं करणं कायद्यात बसू शकतं. अहवाल आला, घरं होती तिथेच राहिली.

म्हणून माझी पहिली मागणी: कायद्याचं कलम तयार नसेल तर सार्वमत नको. आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात घटनादुरुस्तीसाठी हेच करतात. विधेयक आधी संसदेत मंजूर होतं आणि मग लोकांपुढे येतं. ऑस्ट्रेलियात आजवर ४५ प्रस्ताव आले, त्यातले ८ संमत झाले. हे प्रमाण पाहून लोक नकारघंटा वाजवतात म्हणणारे आहेत. वाजवू देत की. नकार हेही उत्तरच असतं, आणि ते आल्यावर जुना कायदा जागच्या जागी राहतो, कोणाला रस्ता शोधत फिरावं लागत नाही.

कलम असलं म्हणजे झालं, असंही नाही. तुम्ही लोक पळवाटा काढण्यात वाकबगार आहात. इटलीत एप्रिल १९९३ मध्ये मतदारांनी कृषी मंत्रालयच रद्द केलं, ७० टक्क्यांनी. तिथलं कायदा रद्द करणारं सार्वमत बंधनकारक असतं, त्यामुळे मंत्रालय गेलं. डिसेंबरात ते वेगळं, लांबलचक नाव लावून परत आलं. त्याच दिवशी ९० टक्के लोकांनी पक्षांना मिळणारं सरकारी अनुदान बंद केलं होतं. तो पैसा पुढे ‘निवडणूक खर्चाची भरपाई’ म्हणून वाहायला लागला. आयर्लंडमध्ये जुलै १९७९ मध्ये, वरिष्ठ सभागृहातल्या विद्यापीठांच्या जागांसाठी इतर संस्थांतल्या पदवीधरांनाही मताधिकार देता यावा, अशी घटनादुरुस्ती ९२ टक्क्यांनी मंजूर झाली. घटनेत ओळ आली, पण ‘देता येईल’ अशी. एकामागून एक सरकारं आली नि गेली, तो अधिकार द्यायला ४० वर्षांत कोणाला सवड झाली नाही. अखेर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनी व्यवस्था घटनाबाह्य ठरवली तेव्हा हालचाल झाली. मुदत नसलेलं बंधन हे असं असतं. किती दिवसांत, कोणी, आणि नाही केलं तर न्यायालयात कोण जाऊ शकेल, हे तिन्ही लिहिलेलं पाहिजे.

मर्यादांचंही बोलायला हवं, कारण बंधनाला मर्यादा नसेल तर मी या पत्रावर सही करणार नाही. १ फेब्रुवारी १९५९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना मताधिकार द्यावा का, यावर मतदान झालं. मत अर्थातच फक्त पुरुषांनी दिलं. ६६.९ टक्क्यांनी ‘नाही’. स्त्रियांना देशपातळीवर मत मिळायला १९७१ उजाडलं. अपेनझेल इनररोडेन या छोट्या कँटनमधल्या, म्हणजे प्रांतातल्या, पुरुषांनी तर १९९० सालीही नकारच दिला, आणि त्याच वर्षी संघीय न्यायालयाने त्यांचं न ऐकता स्त्रियांना मताधिकार दिला. ज्यांच्या हक्काचा प्रश्न आहे तेच मतदार यादीत नाहीत, किंवा आहेत पण कायमचे अल्पसंख्य आहेत, तिथे बहुमताने काय सिद्ध होतं? असे विषय सार्वमताच्या कक्षेबाहेर हवेत, आणि ते बाहेर आहेत की नाही हे न्यायालयाने मतदानाच्या आधी सांगायला हवं. इटलीत घटना न्यायालय आधीच तपासतं. कर, अर्थसंकल्प, माफी आणि आंतरराष्ट्रीय करार तिथे मुळातच वगळलेले आहेत. कर वगळणं मला पटत नाही, पण आधी तपासणं पटतं. लोकांनी कौल दिल्यावर न्यायाधीशांनी तो मोडणं हे शेवटी न्यायाधीशांनाच महागात पडतं.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. लोक आपल्या सरकारला बांधू शकतात, दुसऱ्याच्या नाही. ब्रिटिश मतदाराला ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, बांधता येत नव्हतं, ग्रीक मतदाराला धनकोंना. यावर सगळ्यात समंजस उत्तर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलंय. क्युबेक प्रांताने १९९५ मध्ये वेगळं होण्यावर मतदान घेतलं, ५०.५८ विरुद्ध ४९.४२ अशा फरकाने ‘नाही’ आलं. पुन्हा घेतलं आणि ‘हो’ आलं तर? १९९८ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाला तर उरलेल्या देशाला वाटाघाटींना बसावंच लागेल. बंधन वाटाघाटींचं, निष्पत्तीचं नाही. परक्या पक्षाशी करार ज्यात येतो त्या सार्वमतात एवढंच बंधन खरेपणाने घालता येतं: बोलणी सुरू करा, आणि जे हाती लागेल ते पुन्हा आमच्यापुढे आणा. दोन मतदानं. पहिल्यात दिशा, दुसऱ्यात मजकूर. खर्च दुप्पट होतो म्हणणाऱ्यांनी ब्रिटनने पुढच्या साडेतीन वर्षांत किती पंतप्रधान बदलले ते मोजावं.

स्वित्झर्लंडने फेब्रुवारी २०१४ मध्ये याची झलक अनुभवली. स्थलांतरावर वार्षिक मर्यादा घालण्याचा प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी घटनेत गेला. युरोपीय संघाशी असलेल्या मुक्त संचाराच्या कराराशी तो विसंगत होता, आणि करार मोडा असं मात्र मजकुरात म्हटलेलं नव्हतं. संसदेने डिसेंबर २०१६ मध्ये इतका पातळ कायदा केला की प्रस्ताव आणणाऱ्यांना तो आपलाच आहे हे ओळखू येईना. कौल पायदळी तुडवला, अशी ओरड झाली. मग २०२० मध्ये तो करार संपवण्याचाच सरळ प्रस्ताव लोकांपुढे आला आणि ६१.७ टक्क्यांनी पडला. किंमत लिहून दाखवली तेव्हा लोकांनी वेगळं उत्तर दिलं.

मतदानाच्या किमान टक्केवारीबद्दल थोडक्यात. स्कॉटलंडला स्वतःचं विधिमंडळ असावं का, या १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के ‘हो’ आले, पण एकूण मतदारांच्या ४० टक्के ‘हो’ हवेत अशी अट होती आणि प्रत्यक्षात ३२.९ झाले. घरी बसलेला माणूसही ‘नाही’च्या बाजूला मोजला गेला. इटलीत निम्म्या मतदारांनी मत दिलं नाही तर निकाल रद्द, त्यामुळे विरोधकांचा प्रचार ‘घरी बसा’ एवढाच उरतो. १९९१ मध्ये निवडणूक पद्धतीवरच्या सार्वमताच्या वेळी माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी लोकांना समुद्रावर जा असं सुचवलं होतं. ६२ टक्के लोक मतदानाला आले, ही त्या लोकांची थोरवी. मूलभूत बदलाला साध्या बहुमतापेक्षा जास्त अट घाला, दोन मतदानांत अंतर ठेवा, काहीही करा, पण घरी बसणाऱ्याला जिंकवू नका. आणि अट असेल ती आधी जाहीर करा. निकाल पाहून ‘फरक फारच थोडा होता’ म्हणण्याचा हक्क कोणालाच नको.

चुकीच्या माहितीवर दिलेला कौल बांधतो का? स्विस संघीय न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये याचं उत्तर दिलं. विवाहित जोडप्यांवरच्या जादा कराबद्दल २०१६ मध्ये मतदान झालं होतं. अशी जोडपी सुमारे ८० हजार आहेत, असं सरकारने मतदारांना सांगितलं. खरा आकडा ४ लाख ५४ हजार निघाला. प्रस्ताव ५०.८ टक्क्यांनी पडला होता. न्यायालयाने मतदानच रद्द केलं. तिथल्या आधुनिक इतिहासात देशपातळीवरचं मतदान रद्द होण्याची ती पहिली वेळ. निकाल बंधनकारक नसता तर तो रद्द करून घेण्यासाठी कोणी न्यायालयात गेलंही नसतं.

बंधन किती काळ, हा उरलेला प्रश्न. कॅलिफोर्नियात १९७८ च्या मतदानाने मालमत्ता कराला १ टक्क्याची मर्यादा घातली आणि मूल्यांकनाची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर अडवली. विधिमंडळाला ते बदलता येत नाही. त्यामुळे शेजारशेजारच्या सारख्याच दोन घरांचे मालक, एक जुना आणि एक नवा, यांचा कर कितीतरी वेगळा असतो, आणि ज्याला तेव्हा मतदानाचा हक्कही नव्हता अशा आजच्या माणसावर हे सगळं तेव्हाच्या कौलाने आलेलं आहे. दुसऱ्या टोकाला बर्लिन. मैदानाचा तो कायदा विधिमंडळाने दोन वर्षांत साध्या बहुमताने दुरुस्त केला, निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी. कारण चांगलं होतं, पायंडा मात्र वाईट पडला. माझ्या मते एका संसदेच्या मुदतीपर्यंत बंधन पक्कं असावं, त्याआधी बदल करायचा तर पुन्हा लोकांकडे यावं. आयर्लंडने युरोपीय संघाचा कारभार बदलणारा लिस्बन करार २००८ मध्ये ५३.४ टक्क्यांनी नाकारला आणि २००९ मध्ये ६७.१ टक्क्यांनी स्वीकारला, तेव्हा ‘हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत राहतात’ अशी टीका झाली. ती टीका मला अर्धीच पटते. मध्ये युरोपीय आयोगातलं आयुक्तपद, तटस्थता, कर यांबद्दल लेखी हमी मिळवली होती, आणि पहिला नकार संसदेने परस्पर फिरवला नाही. ज्यांनी बांधलं त्यांच्याकडूनच सोडवून घेतलं.

कौल विरुद्ध गेला तर राबवायचा कोणी, यावर मराठी वाचकाला गोव्याची आठवण द्यायला नको. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघराज्यक्षेत्र राहायचं, यावर जनमत कौल झाला. फूल की दोन पानं, एवढी सोपी मतपत्रिका. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांचं मंत्रिमंडळ आधीच पायउतार झालं होतं. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी विलीनीकरण हरलं. काही महिन्यांत झालेल्या निवडणुकीत बांदोडकरच पुन्हा निवडून आले, आणि जे वेगळं राहू नये असं त्यांना वाटत होतं त्याच वेगळ्या गोव्याचा कारभार त्यांनी पाहिला. याउलट २०१६चं सार्वमत घेणारे ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून निकालाच्या सकाळी राजीनामा जाहीर करून मोकळे झाले होते.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या सभागृहात पुढचं सार्वमताचं विधेयक येईल तेव्हा आधी शेवटची पानं उघडा. ‘हो’ आलं तर कोणतं कलम कोणत्या तारखेला लागू होईल आणि ‘नाही’ आलं तर सरकारने काय करायचं, हे तिथे लिहिलंय का ते पाहा. नसेल तर दुरुस्ती मांडा. दुरुस्ती फेटाळली गेली तर विधेयकाविरुद्ध मत द्या, मग प्रश्न तुमच्या पक्षाच्या कितीही जिव्हाळ्याचा असो.

आपला,
एक मतदार